घोंगड्यावर बसून ऐकलेला बँड

ऑफिसात दुपारच्या डब्याला गाण्यांचा विषय निघाला की प्रत्येक जण आपापला बँड काढतो. कुणी पुण्याच्या मैदानात हजारो लोकांमध्ये उभं राहून ऐकलेला, कुणी रात्रभर रांगेत थांबून तिकीट मिळवलेला. मी सांगते की माझ्या आवडीचा बँड मी दिवसाउजेडी, वडिलांच्या शेजारी, घोंगड्यावर मांडी घालून ऐकला आणि त्या वेळी मैदानात ऐकणारी आम्ही दोघंच होतो. मग सगळे हसतात. एकदा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, म्हणजे तू शो बघितलाच नाहीस. साउंड चेक बघितलास!"

तिचं म्हणणं खरं आहे. पण त्या दुपारची आठवण आली की अजूनही मला आधी ऊन दिसतं, पिवळं, तिरकं, मैदानभर पसरलेलं, आणि त्यात बोटांवर चालत आल्यासारखा एका गिटारीचा आवाज येतो.

तेव्हा मी बारावीला होते. उमरग्याला मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायचे. आमचं घर मेंढरांचं. आई आणि आप्पा वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन हिंडायचे आणि त्या हिवाळ्यात त्यांचा मुक्काम नळदुर्गच्या आसपास होता. रोज एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं रात्रभर बसवायची, रानाला खत मिळतं, आणि आम्हाला धान्य. सुट्टीला मी वसतिगृहातून थेट त्या रानातच जायचे. लोकांची पोरं सुट्टीला घरी जातात. माझं घर दर वेळी वेगळ्या बांधावर असायचं आणि ते शोधायला मला आधी आप्पांना फोन करावा लागायचा.

शाळेत पुढं शिकावं असं आमच्यात कुणाला वाटलं नव्हतं, आप्पांना वाटलं. दहावी झाल्यावर त्यांनी मला स्वतःचा जुना मोबाइल दिला आणि आपल्यासाठी त्याहून जुना घेतला. तो मोबाइल एकदा मेंढरांच्या पाण्याच्या हौदात पडलेला होता. त्यामुळे त्याचा स्पीकर फाटलेला, नुसता खरखरायचा. गाणी ऐकायची तर हेडफोन लावून. आणि त्या हेडफोनचं कानात घालायचं उजवं बोंड बंद होतं. डावं तेवढं चालायचं.

मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेतलं, तेव्हा दुकानदारानं मनानंच शे-दीडशे गाणी टाकून दिली होती. त्यात आरत्या होत्या, लग्नाची गाणी होती, सिनेमाची होती, आणि मध्येच कुठून तरी आलेली त्या बँडची चार-पाच गाणी होती. चार पोरं, मराठीत गाणारी, पण गाणं असं की आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यातलं एक माझं झालं. त्यात एक माणूस माळावर उभा राहून लांबच्या गावाचे दिवे बघत असतो आणि तिकडं जावं की इथंच थांबावं हे त्याला ठरवता येत नाही. एवढंच गाणं. मी ते रानात ऐकायचे. मेंढरं बसलेली असायची, कुत्री कान टवकारून पडलेली असायची आणि क्षितिजावर खरोखरच कुठल्या तरी गावाचे दिवे असायचे. गाण्याच्या शेवटी गायकाचा आवाज थांबायचा आणि मग बराच वेळ नुसता ढोल वाजत राहायचा. एकटाच. मला वाटायचं, तो माणूस चालायला लागला असावा आणि ही त्याची पावलं असावीत. पण तो जातोय की परत फिरतोय, ते काही कळायचं नाही.

एकदा आप्पा शेजारी येऊन बसले. "काय ऐकतीस गं येवढं?" म्हणाले. मी हेडफोनचं एक बोंड त्यांच्या कानात दिलं. आप्पा आमच्या देवाच्या जत्रेत ढोल वाजवणारे. ओव्या चालू असल्या की चप्पल काढून, डोळे मिटून बसणारे. तसेच डोळे मिटून त्यांनी सबंध गाणं ऐकलं.

"कसं हाय आप्पा?"

"चांगलं हाय की. लई शांत हाय."

मग माझ्या लक्षात आलं, मी त्यांना बंद बोंड दिलं होतं. मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की दोन मेंढरं उठून उभी राहिली. "म्या म्हणलं, शिकल्याली लोकं असलंच ऐकत असतील," म्हणाले.

त्याच हिवाळ्यात नळदुर्गच्या स्टँडवर एका खांबाला चिकटवलेला कागद दिसला. तुळजापूरच्या बाजूला एका कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि तो बँड येणार होता. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सर्वांना प्रवेश मोफत. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. जी माणसं माझ्या डाव्या कानात राहत होती, ती एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर येणार होती, यावर विश्वास बसेना.

अडचण मेंढरांची होती. काका-काकू लग्नाला गेलेले, त्यामुळे कळपाजवळ आई आणि आप्पा दोघंच. त्या भागात लांडग्याचा त्रास सुरू झाला होता. आठवड्यापूर्वीच शेजारच्या कळपातलं एक कोकरू गेलं होतं. अंधार पडल्यावर आई फार वेळ एकटी राहणं शक्य नव्हतं. आप्पांनी विचार केला आणि आईला म्हणाले, "पाचला सुरू हुतंय. साडेसहाची गाडी धरली की साडेसात-आठला हितं. तवर तू वाघूर लावून घे." वाघूर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची जाळी.

आई म्हणाली, "साडेसहाची चुकली तर?"

"चुकत न्हाय."

"तुमचं गाण्यापुढं ध्यान कुठं असतंय ते मला ठावं हाय."

"आगं, ध्यान ठिवायला पोरगी हाय संगं. ती शिकल्याली हाय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "गाणं अर्धं राहिलं तरी गाडी धरायची," म्हणाली. मी मान हलवली. अर्धं गाणं ऐकायची तर मला सवयच होती, फक्त ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आम्ही रविवारी जेवून लगेच निघालो आणि दुपारीच मैदानात पोचलो. याला कारण होतं. आमच्याकडे ओव्यांचा, भारुडाचा कुठलाही कार्यक्रम असला की दुपारी जाऊन जागा धरायची, पुढं आपलं घोंगडं अंथरायचं आणि त्यावर बसून राहायचं, ही रीत. उशिरा येणाऱ्याला मागं बसावं लागतं आणि मागं बसून ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं बघणं, असं आप्पा म्हणायचे. त्यामुळे खांद्यावरचं काळं घोंगडं त्यांनी स्टेजच्या बरोबर समोर, मध्यभागी अंथरलं. आम्ही चपला बाहेर काढल्या आणि बसलो. एवढ्या मोठ्या मैदानात ते काळं चौकोनी घोंगडं एखाद्या तळ्यात सोडलेल्या होडीसारखं दिसत असणार. मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या कॉलेजच्या आवारात आले होते. इमारतीच्या खिडक्या मोजाव्यात असं वाटत होतं, पण मी नुसतीच बघत राहिले.

गळ्यात कार्ड अडकवलेला एक विद्यार्थी आमच्याकडं आला. "काका, इथं नका बसू. इथं सगळी पोरं उभी राहणार, नाचणार."

आप्पा म्हणाले, "नाचू द्या की. आमी कडंला सरकतो तवा."

"अहो, उभं राहूनच बघायचं असतं हे."

"उभ्यानं गाणं?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मंग पाय दुखल्यावर काय करायचं?"

"खुर्च्या आहेत मागं. पण त्या पाहुण्यांना."

"मंग आमी पाव्हणंच की. नळदुर्गाकडनं आलाव."

तो पोरगा हसला आणि निघून गेला. मला लाजल्यासारखं झालं होतं. माझ्या बरोबरीच्या मुली लांब पायऱ्यांवर बसून आमच्याकडं बघत होत्या. मी आप्पांना म्हणाले, "घोंगडं उचलू या का?" ते म्हणाले, "जागा चांगली हाय. कशाला सोडायची?"

पाच वाजले. मैदानात कुणीच नव्हतं. मग स्टेजच्या मागून चार पोरं आली. एकाच्या पायात स्लीपर, एकाच्या हातात कागदात गुंडाळलेली भजी. माझ्याकडं त्यांचा फोटो नव्हता, त्यामुळे ही पोरं वायरी जोडणारी असतील असं मला वाटलं. त्यातल्या एकानं माईक हातात घेतला आणि नुसतं म्हणाला, "चेक. चेक. हॅलो."

मी आप्पांचा हात धरला. तो आवाज मला रात्ररात्र ऐकून पाठ होता.

"तीच हायेत?" आप्पांनी विचारलं.

मी मान हलवली.

आधी ड्रमवाल्यानं एकेक ड्रम वाजवला. एकच ठोका, पुन्हा तोच. थांबून, काहीतरी आवळून, पुन्हा तोच ठोका. आमच्याकडे जत्रेत ढोल वाजवायच्या आधी तो जाळाजवळ धरून तापवतात. मग कातडं ताणतं आणि आवाज मोकळा होतो. आप्पांचा चेहरा उजळला. "ढोल तापवायलेत," म्हणाले, आणि मांडी नीट घालून, पाठ ताठ करून बसले.

मग एका गिटारवाल्यानं वाजवलं. ते मला लगेच ओळखू आलं, माझ्याच गाण्याचं होतं. तो थांबला आणि दुसऱ्यानं सुरू केलं. हे काहीतरी वेगळंच होतं. हळू, वरवर चढत जाणारं, मध्येच अडखळून पुन्हा चढणारं. ते माझ्याकडं असलेल्या एकाही गाण्यात नव्हतं. नवं गाणं असावं म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. ऊन तिरकं झालं होतं, धूळ त्यात तरंगत होती, आणि ती सुरावट त्या धुळीतून चालत आमच्या घोंगड्यापर्यंत येत होती.

मग चौघांनी एकदम सुरू केलं, आणि ते माझंच गाणं निघालं. ती अनोळखी गिटार त्याच्या आतच होती. पहिल्या गिटारीला लागून, तिच्याशी बोलत, पहिल्यापासून तिथंच. माझं इतकं पाठ असलेलं गाणं, आणि त्यात एक सबंध माणूस राहत होता ज्याची मला गंधवार्ता नव्हती. नंतर कुणीतरी समजावून सांगितलं की अशा गाण्यांत एक वाद्य डाव्या बाजूला आणि दुसरं उजव्या बाजूला ठेवलेलं असतं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ती बंद बोंडातली गिटार आहे. आप्पांना मी जे ऐकवलं होतं, तिथली.

दुसरं कडवं संपलं आणि माईकमधून कर्कश शिट्टी आली. सगळे थांबले. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी वायर ओढली. शेवट राहिला होता. तो एकटा ढोल वाजतो तो शेवट. तिथं ती दुसरी गिटार काय करते, हे आता मला ऐकायचं होतं. त्याखेरीज जगात काहीच नको होतं.

कार्डवाला विद्यार्थी पुन्हा आला. त्याला आप्पांनी विचारलं, "पाच कवाच वाजलं की. कवा सुरू हुतंय?"

"काका, हे नुसतं टेस्टिंग आहे. पाहुणे यायचेत, सत्कार, भाषणं. बँड आठ-साडेआठशिवाय नाही."

मी सूर्याकडं पाहिलं. तो डोंगराला टेकायला आला होता. स्टेजवर पोरं माईक बाजूला ठेवून भजी खायला लागली होती.

"थांबायचं का?" आप्पा हळूच म्हणाले. "मागून एखादी जीप-बीप घावली तर घावंल."

ते थांबले असते. एवढं मला ठाऊक होतं, म्हणूनच मला होय म्हणता येईना. डोळ्यांसमोर आई दिसत होती, हातात काठी घेऊन वाघुरीच्या कडेनं फिरणारी, सडकेकडं बघणारी. मी म्हणाले, "नको. चला आप्पा. गाडी चुकंल."

आम्ही चपला घातल्या. आप्पांनी घोंगडं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं. पण गेटाकडं न जाता ते सरळ स्टेजकडं गेले, आणि खाली उभं राहून गाणाऱ्या पोराला हाक मारली.

"ओ दादा!"

तो कडेला आला. "काय काका?"

"आमाला साडेसहाच्या गाडीला जायचंय. मेंढरं हायेत रानात. तुमी ते मघाशी अर्ध्यावर सोडलं न्हवं, तेवढं पुरं करता का?"

"काका, आत्ता टेस्टिंग चाललंय. रात्री पूर्ण म्हणणार ना आम्ही."

"रातच्याला आमी न्हाय ना." आप्पा अगदी साधेपणानं म्हणाले. "आमच्यात सुरू केल्याली ओवी अर्धी सोडत न्हाईत. देव वाट बघत बसतो म्हणत्यात. तुमच्यात चालत आसंल, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर ही पोरगी दोन साल झालं तेच गाणं ऐकायली. एकाच कानानं."

तो माझ्याकडं बघायला लागला. "एकाच कानानं म्हणजे?"

मी पिशवीतून हेडफोन काढला आणि उजवं बोंड वर धरून दाखवलं. "हे बंद आहे," एवढंच म्हणाले.

दुसरा गिटारवाला, भजी खाणारा, मागून पुढं आला. ते बोंड बघितलं आणि मोठ्यानं हसला. "म्हणजे मी नाहीच का गाण्यात? दोन वर्षं?" मग गाणाऱ्याला म्हणाला, "चल रे, घेऊ. पहिल्यापासून घेऊ." आणि तेलाचे हात त्यानं पँटला पुसले.

आप्पांनी तिथल्या तिथं घोंगडं पुन्हा अंथरलं. गाडीची वेळ होत आली होती, तरी उभ्यानं ऐकायचं त्यांच्या मनात आलं नाही. आम्ही पुन्हा चपला काढल्या.

त्या वेळचं सगळं मला सांगता येत नाही. मध्ये कुठंतरी दिवे लागले, स्टेजवरचे नव्हे, पलीकडं डोंगरावरच्या तुळजापुरातले. गाण्यातला माणूस दिव्यांकडं बघत होता आणि मीही. शेवटी गायकाचा आवाज थांबला. एकटा ढोल सुरू झाला. आणि त्याच्यावरून ती दुसरी गिटार निघाली, वरवर चढत, अडखळत, पुन्हा चढत, मागं वळून न बघता. दोन वर्षं जिथं मला मोकळं रान ऐकू येत होतं, तिथं ती पहिल्यापासून चाललेली होती. तो माणूस दिव्यांकडं गेला होता. आप्पा डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बोटं घोंगड्यावर ठेका धरत होती.

गाणं संपल्यावर आप्पांनी कमरेची छोटी पिशवी काढली. त्यात भंडारा असायचा. ओवी झाली की वाजवणाऱ्याच्या कपाळाला हळद लावायची, हे त्यांच्या हाताला ठरलेलं. ड्रमवाला पाणी प्यायला खाली आला होता. आप्पांनी चिमूट पुढं केली, तर त्याला आधी काय ते कळेना. मग त्यानं आपोआप डोकं खाली वाकवलं. दोन दिवसांनी वसतिगृहात आलेल्या पेपरात त्या रात्रीच्या कार्यक्रमाचा फोटो होता. खूप गर्दी, वर झालेले हात. आणि मागं ड्रमवाल्याच्या कपाळावर पिवळा डाग. मी कुणाला काही सांगितलं नाही.

स्टँडपर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टर म्हणाला, "घोंगडं मांडीवर घ्या मामा, रस्त्यात नको." बसलो. खिडकीबाहेर अंधार उतरत होता आणि तुळजापूरचे दिवे हळूहळू मागं सरकत होते.

मग मी हेडफोन काढला. या वेळी चालू बोंड आप्पांच्या कानात दिलं आणि बंद माझ्या कानात ठेवलं. गाणं लावलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त गाडीचा घरघराट. मी आप्पांच्या बोटांकडं बघत होते. मांडीवरच्या घोंगड्यावर त्यांचा ठेका चालला होता, त्यावरून गाणं कुठवर आलंय ते मला समजत होतं. पहिलं कडवं. दुसरं. मग ठेका एकटा पडला, तेव्हा मला कळलं की गायक थांबलाय आणि आता त्यांच्या कानात नुसता ढोल आहे.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण ओठ मिटूनच ते गुणगुणायला लागले. वरवर चढत, अडखळत, पुन्हा चढत. बंद बोंडातलं होतं ते.

गाडी उतरून रानात पोचलो, तेव्हा आई वाघुरीपाशी काठी घेऊन उभी होती.

"धरली बया गाडी," ती म्हणाली. "आन् गाणं? अर्धंच ऱ्हायलं आसंल."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "पुरं करून आलाव."